वादळाच्या मागे जाणारी माणसं

या कार्यक्रमात आम्ही नेहमी बचतीचं, कर्जाच्या हप्त्यांचं, नाहीतर शेळीपालनाचं बोलतो. आज मात्र तुम्हाला फार लांब नेणार आहोत, अमेरिकेतल्या मोठ्या सपाट मैदानावर. तिथं दरवर्षी एप्रिल ते जून या दिवसांत काही माणसं गाड्या घेऊन वादळाच्या मागे जातात. वादळ आलं म्हणून पळत नाहीत. वादळ कुठं होणार ते शोधतात आणि तिकडं निघतात.

हा विषय आमच्याकडं कसा आला ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका मावशींचा मुलगा आणि सून टेक्सास राज्यात डॅलस शहरात राहतात. दिवाळीला ती मंडळी गावी आली, तेव्हा वहिनी मावशींबरोबर आमच्या मासिक बैठकीला आल्या. वसुली झाली, चहा झाला, आणि त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. काळानिळा ढग, कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यासारखा गरगर फिरणारा, आणि खाली पिवळं गव्हाचं रान. म्हणाल्या, "हे मी स्वतः काढलंय. सहा दिवस आम्ही याच्या मागे फिरत होतो."

बैठकीत एकच हशा झाला. एक आजी म्हणाल्या, "पैसे भरून वादळात जायचं? आमच्याकडं फुकट येतंय की!"

पण सगळ्या हसल्या नाहीत. आमच्यातल्या एका ताईंचे मालक तीन वर्षांपूर्वी वैशाखात वळवाच्या पावसात गेले. कांदा काढून रानात ढीग घातला होता. आभाळ भरून आलं तसे ताडपत्री घेऊन धावले. ढीग झाकला. पाऊस वाढला म्हणून बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिले, आणि वीज त्याच झाडावर पडली. त्या ताई बैठकीत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "एवढ्या जवळ जाऊन तुम्ही परत कशा आलात?"

आजचं बोलणं त्या एका प्रश्नासाठी आहे. वहिनींनी सांगितलं ते, आणि त्यानंतर आम्ही वाचून समजून घेतलं ते, दोन्ही तुमच्यापुढं ठेवतो.

तिथंच एवढी वादळं का?

अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. डाव्या बाजूला रॉकी नावाचे उंच डोंगर, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत. खाली दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताचं उबदार पाणी. या दोघांच्या मध्ये टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, दक्षिण डाकोटा अशी राज्यं एकावर एक रचल्यासारखी. हेच ते मोठं मैदान. गहू, मका, कापूस, आणि मैलोन्‌मैल गवत. अडवायला मध्ये डोंगर नाही, झाडीही फार नाही.

वसंतात या मैदानावर तीन वारे भेटतात. आखाताकडून दमट, उबदार वारा जमिनीलगत येतो. नैऋत्येच्या उंच, कोरड्या प्रदेशाकडून तापलेला कोरडा वारा येतो आणि दमट हवेच्या डोक्यावर बसतो. आणि त्याहून खूप वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून फार वेगाचा वारा वाहत असतो.

आता हे स्वयंपाकघरात आणू. भाताच्या पातेल्यावर घट्ट झाकण असलं की वाफ आत कोंडते. तो कोरडा, तापलेला वारा म्हणजे ते झाकण. दुपारभर ऊन तापतं, खाली दमट हवा गरम होत राहते, पण झाकणामुळं तिला वर जाता येत नाही. संध्याकाळच्या सुमारास एखाद्या ठिकाणी झाकण उचललं गेलं, की सगळी वाफ तिथून एकदम वर उसळते. अर्ध्या-पाऊण तासात मोकळ्या आभाळात पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहू शकतो. एव्हरेस्ट शिखर नऊ किलोमीटरपेक्षाही कमी आहे, यावरून अंदाज करा.

पण नुसता उंच ढग आपल्याकडंही होतो. तिथला ढग फिरतो, ते कशामुळं? देवापुढची वात वळताना आपण काय करतो? कापूस दोन तळव्यांमध्ये धरतो. खालचा हात जागेवर, वरचा हात पुढं सरकतो आणि मधला कापूस गोल फिरतो. तसंच तिथं होतं. जमिनीजवळचा वारा हळू आणि वरचा वारा जोरात, म्हणून मधली हवा आडव्या वातीसारखी फिरायला लागते. खालून उसळणारी वाफ या आडव्या वातीला उचलून उभी करते. मग अख्खा ढगच फिरायला लागतो. अशा फिरत्या ढगाला तिथं सुपरसेल म्हणतात. तो कित्येक तास टिकतो, मोठ्या गारा पाडतो, आणि कधीकधी त्याच्या पोटातून एक सोंड खाली उतरून जमिनीला टेकते. ती सोंड म्हणजे टोर्नेडो.

इथं तीन शब्दांचा घोळ होतो, तो सोडवू. उन्हाळ्यात भर दुपारी आपल्या रानात धुळीची गिरकी उठते, ती वावटळ. ती तापलेल्या जमिनीतून वर जाते, तिला ढग लागत नाही. समुद्रावरून येतं ते चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि कित्येक दिवस चालतं. टोर्नेडो त्या मानानं लहान आणि थोडक्या वेळाचा. बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात. पण जिथून जातो तिथं काय करतो ते सांगायला नको. ओक्लाहोमात ३ मे १९९९ रोजी झालेल्या टोर्नेडोतला वारा ट्रकवर बसवलेल्या रडारनं मोजला, तो ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास होता. अमेरिकेत वर्षाला सरासरी सुमारे १२०० टोर्नेडो होतात. त्यांतले बरेचसे दुबळे असतात. नुकसान पाहून त्यांना ० ते ५ अशी पायरी देतात. ही पद्धत तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञांनी शिकागो विद्यापीठात असताना १९७१ मध्ये काढली. २००७ पासून तिचं सुधारलेलं रूप वापरतात.

सहा दिवसांत काय पाहिलं?

वहिनी ज्या सहलीला गेल्या ती ओक्लाहोमा सिटी या शहरातून निघाली. दोन मोठ्या गाड्या, बारा-तेरा माणसं, आणि दोन वाटाडे. त्यांतला एक हवामानशास्त्र शिकलेला. पहिल्या संध्याकाळी कुठं गेलेच नाहीत. हॉटेलात बसवून दोन तास नियम सांगितले. गाडीतून कधी उतरायचं, हाक मारली की किती वेळात परत बसायचं, वीज जवळ असेल तर खिडकीच्या आतूनच पाहायचं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, एवढे पैसे भरून शाळेतच बसवलं."

रोज सकाळी पहिलं काम नकाशा. ओक्लाहोमातच नॉर्मन नावाचं गाव आहे. अख्ख्या अमेरिकेसाठी वादळाचा अंदाज देणारं सरकारी केंद्र तिथं आहे. आज कुठं धोका कमी, कुठं जास्त, अशा पाच पायऱ्या ते केंद्र रोज नकाशावर रंगवून देतं. वाटाड्या तो नकाशा पाहायचा, हवेतला दमटपणा आणि वाऱ्याच्या दिशा पाहायचा, आणि मग सांगायचा, आज इकडं. मग चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास. एखाद्या खेड्यातल्या पेट्रोलपंपावर गाडी लावायची आणि आभाळाकडं बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी ते टेक्सासच्या उत्तर टोकाला गेले. दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत पंपावर बसून राहिले. आभाळ निळंच. झाकण उचललंच नाही. खालची वाफ तशीच कोंडून राहिली आणि सूर्य मावळला. वहिनी म्हणाल्या, सहा दिवसांतले तीन दिवस असेच गेले. आम्ही विचारलं, "मग पैसे परत?" त्या हसल्या. आभाळाची हमी कोण देणार!

तिसऱ्या दिवशी कॅन्ससमध्ये मोठा ढग उठला. त्या दिवसाचं नंतर सांगतो. पाचव्या दिवशी नेब्रास्कात त्यांना टोर्नेडो दिसला. तो सिनेमातल्यासारखा अक्राळविक्राळ नव्हता. लांबवर पांढरट दोरीसारखा, वाकडा, उघड्या रानात उतरलेला. पाच-सहा मिनिटं राहिला आणि विरून गेला. आवाजही आला नाही, इतका लांब होता. सगळे फोटो काढायला धावले. वाटाड्यानं कॅमेऱ्याला हातही लावला नाही. त्यानं आधी फोन लावला आणि हवामान कार्यालयाला सांगितलं की अमुक गावाच्या अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, जमिनीला टेकलेला टोर्नेडो दिसतोय.

हा फोन महत्त्वाचा आहे. त्याकडं पुन्हा येऊ.

मागे फिरायचा नियम

आता तिसरा दिवस. कॅन्ससमध्ये डॉज सिटी नावाच्या गावाच्या पुढं ते होते. ढग फिरत होता, पोटाखाली आणखी एक काळा ढग लोंबत होता. सगळ्यांना वाटत होतं, आता सोंड उतरणार. समोर रस्ता दिसत होता, ढग सात-आठ किलोमीटरवर. गाडीतली माणसं म्हणत होती, अजून थोडं पुढं घ्या. वाटाड्यानं गाडी थांबवली, नकाशा पाहिला आणि म्हणाला, "नाही. मागे फिरायचं." आणि फिरवली.

काहींची तोंडं वाकडी झाली. एकानं तर बोलूनही दाखवलं, की याच्यासाठीच तर आलो होतो. रात्री जेवताना वाटाड्यानं कारण सांगितलं. पुढचा रस्ता मातीचा होता. पाऊस पडला की तिकडची तांबडी-काळी माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट होते, चाकं रुततात. शिवाय त्या रस्त्याला पुढं तीन मैल फाटा नव्हता. म्हणजे ढग वळला असता तर बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. तो म्हणाला, "ढग किती सुंदर आहे हे मी नंतर बघतो. बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत का, हे आधी बघतो." त्याच संध्याकाळी पुढं गेलेल्या दुसऱ्या एका गाडीच्या काचा गारांनी फुटल्या, हे त्यांना पंपावर कळलं.

मैत्रिणींनो, आम्ही वाचलं तेव्हा लक्षात आलं की हा एका माणसाचा भित्रेपणा नव्हता. या कामात मुरलेली माणसं असंच वागतात. त्यांचे नियम साधे आहेत.

पहिला नियम उभं राहण्याच्या जागेचा. तिथली बहुतेक वादळं ईशान्येकडं सरकतात. मोठ्या गारा आणि जोराचा पाऊस साधारणपणे ढगाच्या उत्तरेच्या, पुढच्या अंगाला असतो. म्हणून ही माणसं ढगाच्या आग्नेयेला राहतात आणि वायव्येकडं तोंड करून बघतात. पावसाच्या पडद्यातून आरपार जाऊन पलीकडं बघायचं धाडस करत नाहीत, कारण पडद्याआड काय आहे ते दिसत नसतं.

दुसरा नियम वाटेचा. त्या मैदानात बऱ्याच भागात दर मैलाला उभे-आडवे रस्ते आहेत, चौकटीच्या वहीसारखे. म्हणून तिथं हे जमतं. तरीही थांबण्याआधी निसटायचा रस्ता ठरवायचा. गाडीचं तोंड निघायच्या दिशेला करूनच थांबायचं.

तिसरा नियम डोळ्याचा. टोर्नेडो डावीकडं किंवा उजवीकडं सरकताना दिसला तर तो बाजूनं जातोय. जागेवरच उभा आहे आणि मोठा होतोय असं वाटलं, तर तो आपल्याकडेच येतोय. तेव्हा बघत राहायचं नाही.

चौथा नियम अंधाराचा. सूर्य मावळला की काम बंद. रात्री सोंड दिसत नाही.

आणि तरीही माणसं जातात. टिम समारस नावाचे एक संशोधक होते. त्यांनी स्वतः बनवलेलं यंत्र २००३ मध्ये दक्षिण डाकोटात मँचेस्टर या खेड्याजवळ टोर्नेडोच्या वाटेत ठेवलं, आणि टोर्नेडोच्या पोटात हवेचा दाब किती उतरतो ते मोजून दाखवलं. सावध माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनो गावाजवळ टोर्नेडो झाला. तो वाढत वाढत सव्वाचार किलोमीटर रुंद झाला. इतका रुंद टोर्नेडो त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. त्यानं अचानक दिशा बदलली, वेग वाढवला, आणि पावसानं तो झाकलेलाही होता. समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग असे तिघंही त्यात गेले.

मरण फक्त वादळातच असतं असंही नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातले हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परत येत होते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि अपघातात तिघंही गेले. दिवसभर गाडी चालवून दमलेलं अंग, पाऊस आणि अंधार, हेच या सहलीतले मोठे धोके.

मग हे करायचंच कशाला?

हा प्रश्न आमच्या बैठकीत आलाच. एका वहिनींनी जरा रागानंच विचारलं, "कुणाचं घर उडतंय आणि हे लोक फोटो काढतात. लाज नाही वाटत?"

प्रश्न खरा आहे. तिथंही तो विचारला जातो. १९९६ मध्ये 'ट्विस्टर' नावाचा सिनेमा आला, २०२४ मध्ये त्याच धर्तीचा 'ट्विस्टर्स' आला. मोबाईल आणि व्हिडिओ यांनी त्यात भर घातली. आता एखाद्या मोठ्या ढगाखाली गाड्यांची रांग लागते. एल रेनोच्या दिवशी तर रस्ते गाड्यांनी भरले होते. बघे होते आणि जीव वाचवायला निघालेले लोकही होते, सगळे एकाच रस्त्यावर. नुसतं बघायला गेलेला माणूस दुसऱ्याची वाट अडवत असेल, तर ते चूकच.

पण या धंद्याला दुसरी बाजू आहे. १९५० च्या दशकात डेव्हिड होडली नावाचा एक तरुण उत्तर डाकोटात एकटाच ढगांच्या मागे फिरायला लागला. हौस म्हणून. पुढं शास्त्रज्ञांना कळलं की हे उपयोगाचं आहे. २४ मे १९७३ ला ओक्लाहोमात युनियन सिटी या गावी टोर्नेडो झाला. नॉर्मनच्या प्रयोगशाळेची माणसं रस्त्यावरून त्याचं चित्रण करत होती, आणि त्याच वेळी प्रयोगशाळेतलं नवं रडार त्याच ढगाकडं बघत होतं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि रडारवर दिसलेलं शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा कळलं की सोंड उतरण्याच्या आधीच ढगातलं फिरणं रडारवर दिसतं. पुढं देशभर तसली रडार बसवली. आज टोर्नेडोचा इशारा सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी मिळतो, त्यामागं अशा कामाचा हात आहे.

दहा-पंधरा मिनिटं म्हणजे फार नाही. पण पोरांना घेऊन तळघरात उतरायला पुरतात.

आणि आता तो फोन. रडार एवढं हुशार, मग माणसानं फोन कशाला करायचा? कारण पृथ्वी गोल आहे. रडारची किरणं सरळ जातात, जमीन खाली वाकत जाते. म्हणून रडारपासून लांबच्या गावात ते ढगाचा वरचा भाग बघतं, जमिनीलगतचं त्याला दिसत नाही. सोंड जमिनीला टेकली का, हे माणसाचा डोळाच सांगू शकतो. म्हणून तिथलं हवामान खातं गावोगावच्या लोकांना फुकट शिकवतं. शेतकरी, पोलीस, शिक्षिका, आग विझवणारे, कुणीही. ढग कसा ओळखायचा, काय सांगायचं, कुणाला सांगायचं. असे शिकलेले लाखो स्वयंसेवक तिथं आहेत. त्यांतले बहुतेक वादळाच्या मागे जात नाहीत. आपल्याच गावाच्या कडेला सुरक्षित जागी थांबून बघतात आणि कळवतात.

आम्हाला सगळ्यात जास्त हे आवडलं. वादळाच्या मागे पळणारा सिनेमात दिसतो. पण गाव वाचवतो तो कडेला थांबून वेळेवर निरोप देणारा.

आपणही पळतोच की

वहिनींचं सांगून झालं. चहाचे कप गोळा झाले. तेव्हा त्या ताई पुन्हा बोलल्या. म्हणाल्या, "तो गाडीवाला मागे फिरा म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आमच्या घरात त्या दिवशी मागे फिरा म्हणणारं कुणी नव्हतं. मीच म्हणाले होते, कांदा भिजंल, पळा."

कुणाला काय बोलावं सुचेना. मावशींनी त्यांचा हात धरला. खरं सांगायचं तर आमच्यातल्या प्रत्येकीनं हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं आहे. कांदा भिजंल, पळा. वैरण भिजंल, पळा. शेळ्या रानात आहेत, पळा. म्हणजे आपणही वादळाच्या मागे जाणारी माणसंच आहोत. हातात कॅमेरा नाही, ताडपत्री आहे, एवढाच फरक. त्यांनी निघण्याआधी दोन तास नियम ऐकलेले असतात. आपण नुसतेच निघतो. त्या ताईंची चूक नव्हती. आपल्याला कुणी नियम सांगितलेलेच नव्हते.

आपल्याकडं अमेरिकेसारखे टोर्नेडो नाहीत. पण वीज आहे. भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, आणि त्यांत रानात काम करणारी जास्त. गाराही आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, विदर्भात गारपिटीनं उभी पिकं झोपवली, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून आमच्या गटानं त्या बैठकीत काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटातही बोलून बघा.

एक. ताडपत्री आभाळ आल्यावर शोधायची नाही. चैत्र-वैशाखात कांदा, हरभरा, वैरण रानात असेल तर रोज दुपारी जेवणं झाली की झाकून, कडेला दगड लावून ठेवायची. ऊन असलं तरी. झाकण्याचं काम दुपारचं, संध्याकाळचं नाही.

दोन. वीज चमकली की मोजायला लागायचं. चमक आणि गडगडाट यांच्यात तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर हातातलं काम टाकून पक्क्या घरात जायचं. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं.

तीन. एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, उघड्या पत्र्याच्या शेडखाली, विहिरीवर थांबायचं नाही. मोटार बंद करायला धावायचं नाही. एसटी किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालेल. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालणार नाही. रानात अडकलाच आणि कुठं निवारा नसेल, तर झाडापासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसायचं. जमिनीवर आडवं पडायचं नाही. चारचौघं असाल तर एकमेकांना चिकटून बसायचं नाही.

चार. निरोप. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाईल ॲप काढलं आहे. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते कळवतं. आमच्या गटात प्रत्येक वस्तीवरच्या एकीच्या मोबाईलमध्ये ते घातलंय. तिनं बाकीच्यांना फोन करायचा, आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायला लावायचं. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांना शेजारणीनं हाक मारायची.

पाच. ही सगळ्यात अवघड. रानात निघालेल्याला 'मागे फिरा' म्हणायचं. ज्या घरात सून म्हणू शकत नाही तिथं सासूनं म्हणायचं. आणि ज्याला म्हटलं त्यानं राग धरायचा नाही. कांद्याचं नुकसान होईल, कर्जाचा हप्ता लांबेल. तर लांबू दे. एखाद्या घरचा कांदा या कारणानं भिजला, तर त्या महिन्याचा हप्ता पुढं ढकलायचा आणि दंड लावायचा नाही, असा ठराव आम्ही त्याच बैठकीत वहीत लिहिला. ठराव मांडला त्या ताईंनी. सगळ्यांनी सह्या, अंगठे केले.

वहिनी आता परत डॅलसला गेल्या आहेत. जाताना म्हणाल्या, पुढच्या मे महिन्यात तिकडं आभाळ भरून आलं की मला तुमची वही आठवेल. आम्ही म्हटलं, आम्हाला तुमचा वाटाड्या आठवेल, गाडीचं तोंड घराकडं करून उभा राहणारा.

येत्या वैशाखात ढग येतील. बघा, जरूर बघा. दारात उभं राहून नाही, खिडकीच्या आतून. आणि शेजारची रानात निघाली असेल, तर तिला एक हाक द्या.

पुन्हा भेटू, पुढच्या बुधवारी. नमस्कार.